सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस? डोंगरवाटेवरच्या चाकाचे गणित

माउंटन बाइक आज प्रामुख्याने तीन मापांच्या चाकांवर मिळते : २६, साडेसत्तावीस आणि २९ इंच. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटापलीकडच्या डोंगरवाटा असोत की सांगलीच्या ऊसपट्ट्यातले पाणंद रस्ते, यांतले कोणते चाक घ्यावे हा प्रश्न सायकल घेताना पडतोच. त्याचे उत्तर थोडे भूमितीत आहे, थोडे यंत्रशास्त्रात आणि बरेचसे वाटेच्या जातीत.

आकडे काय सांगतात?

इंचांचे आकडे हा टायरसकट चाकाच्या व्यासाचा ढोबळ अंदाज असतो. नेमके माप रिमचे. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये टायरच्या बाजूला छापलेला असतो. उदाहरणार्थ, ‘५६-५५९’ म्हणजे टायरची रुंदी ५६ आणि रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर. या हिशेबाने २६ इंची चाकाचा रिम ५५९, साडेसत्तावीसचा ५८४ आणि एकोणतीसचा ६२२ मिलिमीटर भरतो. म्हणजे साडेसत्तावीस हे माप बरोबर मधले नाही. ते लहान चाकापेक्षा २५ मिलिमीटरने मोठे, तर मोठ्या चाकापेक्षा ३८ मिलिमीटरने लहान आहे.

गावोगाव दूध आणि वैरण वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलीचे चाक ‘२८ बाय दीड’ म्हणून ओळखले जाते. तिचा रिम ६३५ मिलिमीटरचा, म्हणजे एकोणतीसच्या रिमपेक्षाही १३ मिलिमीटरने मोठा असतो. त्यामुळे २८ चा टायर २९ च्या रिमवर बसत नाही. टायर घेताना इंचांवर न जाता मिलिमीटरचा आकडा पाहणे म्हणूनच श्रेयस्कर.

सव्वीसची मक्तेदारी कशी मोडली?

१९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, दणकट सायकली माउंट टॅमलपाइसच्या उतारांवरून पळवू लागले. त्या सायकलींना २६ इंची फुगीर टायर होते. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, तीही याच चाकांसाठी, कारण रुंद आणि दणकट टायर तेवढ्याच मापात मिळत. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली आणि २६ हेच माप जगभर रुळले. त्यामागे प्रयोगांपेक्षा उपलब्धतेचा वाटा मोठा होता.

१९९९ मध्ये ‘डब्ल्यूटीबी’ कंपनीने २९ इंची रुंद टायर आणला आणि मोठ्या चाकाला वाट मिळाली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीत यारोस्लाव कुल्हावीने २९ इंची चाकांवर सुवर्ण जिंकले, तर निनो शुर्टरने साडेसत्तावीसवर रौप्य. पुढे शुर्टरही एकोणतीसकडे वळला आणि २०१६ मध्ये रिओत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.

दगड आणि खड्डा

मोठ्या चाकाचा मुख्य फायदा अडथळा ओलांडताना दिसतो. तिन्ही रिमवर ५६ मिलिमीटर रुंदीचे टायर धरले, तर चाकांचे बाहेरचे व्यास अनुक्रमे सुमारे ६७१, ६९६ आणि ७३४ मिलिमीटर होतात. वाटेत १० सेंटिमीटर उंचीचा धोंडा आला, की २६ इंची चाक त्याला सुमारे ४५ अंशांच्या कोनात भिडते आणि २९ इंची चाक ४३ अंशांच्या. कोन जितका उभा, तितका वेग मारला जातो. दगडाला टेकलेले चाक निव्वळ आडव्या जोराने वर चढवायचे झाले, तर मोठ्या चाकाला सुमारे ७ टक्के कमी जोर पुरतो.

खड्ड्याचेही तसेच. ३० सेंटिमीटर रुंदीच्या खळग्यात लहान चाक सुमारे ३५ मिलिमीटर खाली उतरते, मोठे ३२ मिलिमीटर. एका खळग्यात हा फरक नगण्य वाटतो. पण खडबडीत वाटेवर असे धक्के शेकड्यांनी बसतात आणि तासाभराने हाताच्या पंजांना तो फरक जाणवतो.

वजन आणि वळण

‘मोठे चाक जड, म्हणून आळशी’ ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यात तथ्य आहे, पण वाटते तितके नाही. चाकाच्या कडेवरचे वजन पुढेही जाते आणि गोलही फिरते. म्हणून वेग घेताना ते दुप्पट मोजावे लागते. या हिशेबात चाकाची त्रिज्या मात्र गळून जाते आणि उरते ते केवळ वजन. रिम, टायर आणि ट्यूब मिळून २६ इंची चाकाचे वजन दीड किलो धरले, तर त्याच साहित्यातून केलेल्या २९ इंची चाकाचे सुमारे १६५० ग्रॅम होईल. दोन चाकांचे जादा ३०० ग्रॅम दुप्पट केले तरी ६०० ग्रॅम होतात. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोंच्या पुढे असतात, त्या मानाने हे एक टक्काही नाही.

खरा फरक वळताना पडतो. फिरत्या चाकाचा दिशा न बदलण्याचा हट्ट वजन आणि त्रिज्या या दोन्हींबरोबर वाढतो. सारख्या वेगाला मोठ्या चाकात तो सुमारे २० टक्क्यांनी जास्त असतो. सरळ उतारावर यामुळे सायकल स्थिर राहते, पण अरुंद पायवाटेच्या नागमोडी वळणांवर लहान चाक चटकन वळते. शिवाय मोठ्या चाकाचे स्पोक लांब असल्याने बाजूचा मार ते कमी सोसते आणि आउट काढण्याची, म्हणजे वाकडे झालेले चाक सरळ करण्याची वेळ लवकर येते.

घाटाला कोणता गिअर?

सातारा शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि कास पठार १२०० मीटरच्या आसपास. ही चढण काढताना चाकाचा घेर महत्त्वाचा ठरतो. २६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.११ मीटर जाते, २९ इंची २.३१ मीटर. पुढे ३२ आणि मागे ३६ दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात पहिली सायकल १.८७ मीटर चढते, तर दुसरी २.०५ मीटर. म्हणजे तोच गिअर मोठ्या चाकावर सुमारे ९ टक्के जड जातो. त्यावर उपाय सोपा आहे. पुढचे चेनव्हील ३० दातांचे घेतले, की अंतर १.९२ मीटरवर येते.

वाट पाहून चाक

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडे जांभ्या दगडाचे सडे, बेसॉल्टचे सुटे धोंडे आणि झाडांच्या उघड्या मुळ्या आहेत. अशा वाटांवर एकोणतीसचे चाक उजवे ठरते. किल्ल्याखालच्या तीव्र उताराच्या, जागोजाग वळणाऱ्या पायवाटांवर साडेसत्तावीस हाताळायला सोपे जाते. कासच्या फुलांच्या सड्यावर मात्र कोणतेच चाक घालू नये. तिथला मातीचा थर पातळ आहे आणि २०१२ पासून हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठची जमीन सपाट आणि काळी आहे. कोरड्या दिवसांत पाणंद रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कडक होतात आणि तिथे मोठे चाक वेग टिकवून धरते. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जाते. तेव्हा चाकाच्या उंचीपेक्षा टायर आणि फ्रेममधली फट महत्त्वाची. ती बोटभरही नसेल, तर चाक जाम होते. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत खरा शत्रू सराटे आणि बाभळीचे काटे. तिथे चिकट द्रव भरलेले ट्यूबलेस टायर चाकाच्या मापापेक्षा अधिक कामाला येतात.

स्वाराची उंची आणि सुट्या भागांची सोय

सव्वापाच फुटांखालच्या स्वाराला एकोणतीस अनेकदा गैरसोयीचे होते. हँडल उंच येते, वळताना बूट पुढच्या चाकाला घासू शकतो आणि उतारावर मागे सरकल्यास चाक अंगाला लागते. म्हणूनच अनेक कंपन्या लहान फ्रेमला साडेसत्तावीसची चाके देतात. यावर आणखी एक तोडगा म्हणजे पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस. उतारावरच्या शर्यतींत २०१९ पासून ही जोडी रूढ झाली. मात्र तीत दोन मापांचे सुटे टायर बाळगावे लागतात.

तालुक्याच्या गावी २६ इंची ट्यूब सहज मिळते. अडचणीच्या वेळी ती साडेसत्तावीसच्या टायरात ताणून बसवता येते. नव्या, चांगल्या सायकली मात्र आता २६ मध्ये क्वचितच निघतात. त्यामुळे चांगल्या टायरची निवड त्या मापात आक्रसत चालली आहे.

या सगळ्यांत टायरची रुंदी आणि हवा विसरून चालत नाही. रुंद टायरात हवा थोडी कमी ठेवली, की पकड वाढते आणि धक्के मऊ होतात. व्यास बदलून मिळणाऱ्या सात-आठ टक्क्यांइतकाच, कधी त्याहून जास्त फरक हवेच्या पंपाने पडतो. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा : आधी अंगाला बसणारी फ्रेम, मग नेहमीची वाट, त्यानंतर चाक. मध्यम वा उंच स्वाराला दगडाळ किंवा लांब सरळ वाटांसाठी एकोणतीस, बुटक्या स्वाराला आणि वळणाच्या पायवाटांसाठी साडेसत्तावीस. घरात सव्वीसची चांगली सायकल असेल, तर ती बदलण्याआधी तिला रुंद टायर लावून पाहावा.