हिरवी पाटी आणि विजेचं बिल

ऑफिसच्या दारात 'लीड' प्रमाणपत्राची पाटी दिसली की इथे वीज वाचत असणार, असं आपण धरूनच चालतो. पण नव्या इमारतीला विजेचे गुण मिळतात ते आराखड्यावरून काढलेल्या अंदाजावर. शिवाय पाणी, जागा, बांधकामाचं सामान यांचेही गुण त्यात असतात. ओबर्लिन कॉलेजचे जॉन स्कोफील्ड यांनी न्यूयॉर्कमधल्या ९५३ ऑफिस इमारतींचा २०११ सालचा प्रत्यक्ष वापर तपासला. त्यातल्या २१ 'लीड' इमारती सरासरीने इतरांपेक्षा काटकसरी नव्हत्या. 'गोल्ड'वाल्या मात्र सुमारे २० टक्के सरस निघाल्या. आराखडा कितीही चांगला असला तरी रात्रभर दिवे आणि सर्व्हर चालू राहिले की बिल वाढणारच! न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून मोठ्या इमारतींच्या दारावर प्रत्यक्ष वापरानुसार ए ते डी अशी श्रेणी लावतात. तिथे गेलात तर हिरव्या पाटीबरोबर तीही जरूर वाचा.