कर्नेलमधील स्मृतिवाटपाच्या चुका व त्यांचा शोध

सामान्य प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात घातला, तर कार्यप्रणाली त्यास तत्काळ थांबविते आणि हानी त्या एकट्यापुरतीच राहते. कार्यप्रणालीचा गाभा जो कर्नेल, त्याच्यावर असा पहारा ठेवणारा मात्र कोणी नसतो. लिनक्सच्या कर्नेलचे सर्व भाग एकाच स्मृतिप्रदेशात नांदतात. एखाद्या ड्रायव्हरने आपल्या वाट्यापलीकडे एक बाइट लिहिला, तर बिघडते ती शेजारच्या, सर्वस्वी निरपराध अशा भागाची माहिती. यंत्र बंद पडते ते काही मिनिटांनी, क्वचित काही दिवसांनी. आणि बंद पडताना बोट दाखविते ते त्या निरपराधाकडेच. चूक आणि तिचा परिणाम यांतील हे अंतर हाच येथील खरा प्रश्न होय.

पुष्कळदा तर परिणामही दिसत नाही. १३ बाइटांची मागणी केली असता वाटपयंत्रणा १६ बाइटांचा कप्पा देते. मग चौदावा बाइट कोणी चुकून वापरला, तरी काहीच बिघडत नाही. पुढे मागणी १६ बाइटांची झाली की तीच एका बाइटाची चूक शेजाऱ्याच्या घरात शिरते.

२०१५ साली लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत दाखल झालेली ‘कासान’ ही यंत्रणा अशी सुप्त चूकही पकडते. तिच्या सर्वसाधारण स्वरूपात स्मृतीच्या दर आठ बाइटांमागे एक ‘छाया-बाइट’ राखलेला असतो. त्यातील शून्याचा अर्थ आठही बाइट मोकळे. १ ते ७ यांपैकी अंक असल्यास पहिले तितकेच मोकळे. ऋण संख्या असल्यास सर्व निषिद्ध. उपरोक्त १३ बाइटांच्या छाया अनुक्रमे ० व ५ अशा होतात. चौदावा बाइट हा दुसऱ्या अष्टकातील सहावा, म्हणून कंपायलरने प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी पेरलेली तपासणी त्यास जागच्या जागी अडविते. परत केलेली स्मृती पुन्हा वाटण्यापूर्वी काही काळ विलग ठेवली जाते, जेणेकरून तिचा मरणोत्तर वापरही उघडकीस यावा. तो काळ संपून ती दुसऱ्यास दिली गेली, की मात्र छाया पुन्हा निष्कलंक होते व अपराधी सुटतो.

याची किंमत जबर आहे: स्मृतीचा एक अष्टमांश छायेतच जातो आणि वेगही बराच घटतो. म्हणून कासान प्रयोगशाळेतच शोभते. आणि प्रयोगशाळेत जो मार्ग चालविलाच गेला नाही, त्यावरील चूक तिला दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २०२१ च्या ५.१२ आवृत्तीतील ‘केफेन्स’ने निराळ्या वाटेने केला. प्रत्येक वाटपावर नजर ठेवण्याऐवजी ती साधारणतः दर १०० मिलिसेकंदांनी एखादेच वाटप निवडते व त्यास स्वतंत्र पृष्ठावर, दोन्ही बाजूंस निषिद्ध पृष्ठे ठेवून, बसविते. पृष्ठाची सीमा ओलांडताच यंत्राचे स्मृतिव्यवस्थापकच हरकत घेते. वेगळ्या तपासणीचा खर्च पडत नाही. एका यंत्रावर चूक सापडण्याचा संभव अल्प खरा, पण सहस्रावधी यंत्रे महिनोन्‌महिने चालत असता तो अल्प राहत नाही. तथापि आपला चौदावा बाइट येथे पृष्ठाच्या आतच, भरतीच्या जागेत पडतो. तेथे आधीच लिहून ठेवलेली खूण पुसली गेल्याचे कळते ते स्मृती परत करताना, म्हणजे अपराध घडून गेल्यानंतर.