‘एथिकल ज्वेलरी’चा व्यवसाय करायचाय? आधी या चार गोष्टी पक्क्या करा



घरून किंवा छोट्या वर्कशॉपमधून दागिन्यांचा ब्रँड सुरू करणारे बरेच जण हल्ली एकच प्रश्न विचारतात, “सर, पेजवर सस्टेनेबल, एथिकल असं लिहिलं तर चालेल का?” माझं उत्तर सोपं आहे. लिहा, पण ग्राहकाने “म्हणजे नक्की काय?” असं विचारलं, तर दाखवायला कागद हवा. आज आपण तो कागद कसा तयार होतो ते बघू. सोनं, डाक, हिरा आणि बिल, या क्रमाने जाऊ.

१. सोनं आलं कुठून?

आपल्याकडची कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. आज देशात खाणीतून निघणारं सोनं अगदी थोडं आहे, बाकीचं आयात होतं. जगभरात लाखो लोक छोट्या, हाताने चालवलेल्या खाणींत काम करतात आणि तिथे मातीतून सोनं वेगळं करायला पारा वापरतात. पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. तो उडालेला पारा माणसांच्या फुप्फुसात आणि नदीतल्या माशांत जातो. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा याच कामाचा आहे. म्हणूनच २०१७ मध्ये लागू झालेल्या मिनामाता करारात या खाणकामासाठी वेगळं कलम आहे.

मग छोट्या व्यावसायिकाने काय करायचं? ‘फेअरमाइन्ड’सारखं प्रमाणपत्र असलेलं सोनं परदेशात मिळतं, पण आपल्या आकाराच्या धंद्याला ते मागवणं जड जातं. आपल्याकडे दुसरा रस्ता आहे: मोड. भारतातल्या घराघरांत मिळून सुमारे २५,००० टन सोनं असावं असा वर्ल्ड गोल्ड काउन्सिलचा अंदाज आहे. आजीच्या पाटल्या मोडून नातीचा हार करणं आपल्याला नवीन नाही. सराफकट्ट्यावरची धूळसुद्धा झारेकरी धुऊन सोनं काढतात. रिसायकलिंग हा शब्द यायच्या आधीपासून हे चालू आहे.

फक्त हिशोब नीट समजून घ्या. समजा, ग्राहकाने २० ग्रॅमची जुनी बांगडी आणली. ती २२ कॅरेटची म्हणून घेतलेली, पण आटवून तपासल्यावर कस ८८ निघाला. जुन्या दागिन्यात डाक जास्त असला की असं होतं. म्हणजे चोख सोनं किती?

२० × ०.८८ = १७.६ ग्रॅम.

आता याचा २२ कॅरेट, म्हणजे ९१६ चा दागिना करायचा, तर दोन मार्ग आहेत. एक, वरून ९९५ चं नवीन सोनं घालायचं. गणित केलं तर त्याला ९ ग्रॅमच्या वर नवीन सोनं लागतं. मग ‘रिसायकल्ड’ कुठे राहिलं? दुसरा मार्ग म्हणजे रिफायनरीत देऊन शुद्ध करून घ्यायचं. मग १७.६ ग्रॅम चोख सोन्यात ९१६ चा साधारण १९.२ ग्रॅमचा दागिना होतो, आणि १८ कॅरेटचा, म्हणजे ७५० चा, साधारण २३.५ ग्रॅमचा. यातून गाळण्याची घट वजा होईल, ती आधीच ग्राहकाला सांगा. खड्यांच्या दागिन्यांना १८ कॅरेट तसंही चांगलं. ते कडक असतं, खडा घट्ट बसतो.

कस मशीनवर बघताना एक लक्षात ठेवा. एक्सआरएफ मशीन वरचा थर वाचतं. वरून मुलामा असेल तर फसवणूक होऊ शकते. म्हणून आटवून, मगच तपासा, आणि ग्राहकाला समोर उभं करून तपासा. मोड घेताना ओळखपत्राची प्रत, दागिन्याचा फोटो, वजन आणि सही घ्याच. चोरीचा माल वितळला की तो ‘एथिकल’ होत नाही, आणि पोलीस आपल्याच दारात येतात.

२. डाक: हा मुद्दा सगळे विसरतात

खाण आफ्रिकेत असेल, पण कारागीर आपल्या शेजारी बसलाय. केडीएम हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. त्यात जोड द्यायला कॅडमियम वापरतात. सोनं वितळतं १०६४ अंशाला, पण कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं. म्हणजे फुंकणी किंवा टॉर्च मारला की त्याची वाफ थेट कारागिराच्या नाकात जाते. कॅडमियममुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालंय, मूत्रपिंडंही खराब होतात. दागिना घालणाऱ्याला काही होत नाही, म्हणून हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तेव्हा कॅडमियम नसलेला डाक मागा. दुकानदाराकडून बिलावर तसं लिहून घ्या. आणि जुनी मोड आटवतानाही काळजी घ्या, कारण जुन्या सांध्यांतलं कॅडमियम तेव्हा बाहेर पडतं. धूर बाहेर खेचणारा पंखा आणि चिमणी, कामाच्या तोंडाजवळ. छताचा पंखा धूर सगळ्या खोलीत फिरवतो, त्याचा उपयोग नाही. मुशीचं काम जमत नसेल तर स्वतः करू नका, नीट सोय असलेल्या ठिकाणी द्या. आणि कारागिराची मजुरी वेळेवर द्या. ‘एथिकल’ची सुरुवात तिथूनच होते.

३. हिरा: नैसर्गिक की लॅब ग्रोन?

नैसर्गिक हिऱ्यासोबत बरेचदा ‘किंबर्ले प्रोसेस’चं नाव सांगतात. ही व्यवस्था २००३ पासून आहे. पण ती फक्त एवढंच बघते, की कच्च्या हिऱ्याच्या पैशातून बंडखोर गटांचं युद्ध चाललेलं नाही. मजुरांना पगार किती, नदीचं काय झालं, हे त्यात येत नाही. म्हणून त्या एका नावावर ‘एथिकल’ म्हणू नका.

लॅब ग्रोन हिरा हाही खरा हिराच, कार्बनचाच. तो सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने करतात, आणि सुरत त्याचं मोठं केंद्र आहे. खाण लागत नाही, पण वीज खूप लागते. ती वीज कोळशाची असेल तर ‘पर्यावरणपूरक’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. पुरवठादाराला सरळ विचारा, “कारखान्याची वीज कुठून येते? लेखी द्याल का?” आणखी एक गोष्ट धंद्याची. लॅब ग्रोनचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरलेत. “पुढे चांगली किंमत येईल” असं सांगून विकू नका. आवडीने घालायला घ्या, असं सांगा.

४. बिलावर काय लिहायचं?

हॉलमार्क शुद्धता सांगतो, सोन्याचं गाव सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर हॉलमार्किंगच्या सक्तीतून सूट आहे, तरी मी म्हणेन करून घ्या. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी ग्राहक स्वतः बीआयएस केअर ॲपवर तपासू शकतो. नवीन ब्रँडला याहून स्वस्त विश्वास मिळत नाही.

आणि दाव्यांबद्दल: ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं आणली. ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा मोठा शब्द टाळा, छोटी खरी ओळ लिहा. उदाहरणार्थ:

“हा दागिना ग्राहकाच्या स्वतःच्या २० ग्रॅम जुन्या सोन्यातून, शुद्ध करून, १८ कॅरेटमध्ये घडवला आहे. जोडकाम कॅडमियमविरहित. हिरे लॅब ग्रोन, सीव्हीडी पद्धतीचे.”

यात कुठेही ‘इको-फ्रेंडली’ नाही, पण ग्राहकाला सगळं कळतं. आणि घडणावळ दोन पैसे जास्त का आहे, हेही वेगळं सांगावं लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. प्रत्येक दागिन्यासाठी पाच रकाने: सोनं कुठून, कस किती, डाक कोणता, खडा कुणाकडून, कारागीर कोण आणि मजुरी किती. शेवटचे पाच दागिने त्यात भरा. जो रकाना रिकामा राहील, त्याबद्दल जाहिरातीत सध्या काही बोलायचं नाही. आधी तो भरा, मग बोला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही सुरू करा!