चुनखडीची मुदत ठेव

शहाबादी फरशी पाहिली नाही असा मराठी माणूस विरळाच. चाळीचा जिना, स्वयंपाकघराचा ओटा, मागच्या अंगणातली धुण्याची जागा, सगळीकडे ती असते. पण ही फरशी म्हणजे एका प्राचीन समुद्राचा तळ आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. जमिनीवर झाडेझुडपेही नव्हती त्या काळात तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या संथ पाण्यात चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला आणि दाबाखाली त्याचा दगड झाला. थर सपाट, म्हणूनच त्याच्या फरश्या सहज सुटतात.

पोरबंदरच्या दगडाची कुळकथा निराळी. मुंबईतल्या जुन्या गॉथिक इमारतींच्या कोरीव कामात तो आढळतो. शिंपल्यांचा चुरा आणि अतिसूक्ष्म जीवांची कवचे लाटांनी किनाऱ्यावर टाकली, वाऱ्याने त्यांच्या टेकड्या रचल्या. पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळला आणि त्यानेच पुढे कण एकमेकांना सांधले. इंग्लंडमधील डोव्हरचे पांढरे कडे तर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांच्या कवचांचे आहेत.

आपल्या दख्खनचा कातळ लाव्हाचा. तरी इथेही चुनखडी आहेच. पाणी काळ्या पाषाणातले कॅल्शियम घेऊन मातीत उतरते, उन्हाळ्यात आटते आणि मागे कंकराचे खडे राहतात. हेच खडे भाजून, घाणीत मळून जुने वाडे उभे राहिले.

उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे मला या साऱ्यात मुदत ठेव दिसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, कॅल्शियमशी जोडला गेला आणि दगडात जमा झाला. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली, तर 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो वायू हवेत परत जातो. इंधनाचा धूर वेगळाच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीवर सिमेंटच्या भट्ट्या चालतात. त्यांच्यावाचून आपली घरे उभी राहत नाहीत, हेही खरे. जुन्या पद्धतीचा चुना मात्र भिंतीत घट्ट होताना हवेतला तो वायू पुन्हा शोषून घेतो, म्हणजे काढलेल्यापैकी काही रक्कम परत भरतो.

नवे बांधायचे म्हणजे ठेव आणखी मोडायची. म्हणून घराची दुरुस्ती काढाल, तेव्हा धडधाकट शहाबादी फरशी उखडून फेकण्यापूर्वी घटकाभर थांबा. ती अजून दोन पिढ्यांच्या पायांखाली टिकेल.