बटण दाबणारी झोप

रेल्वेच्या इंजिनात लोको पायलटसमोर एक छोटा दिवा असतो. हॉर्न, ब्रेक, वेगाचं हँडल यांपैकी कशालाही साधारण मिनिटभर हात लागला नाही, की तो लुकलुकू लागतो. काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर बझर वाजतो. बझरलाही उत्तर मिळालं नाही, तर आपत्कालीन ब्रेक आपोआप लागतो. या उपकरणाचं नाव व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस. रनिंग स्टाफच्या तोंडी नुसतं ‘व्हीसीडी’. व्यवस्था चोख वाटते, पण तिच्यात एक गोम आहे. पेंगुळलेला माणूस बटण दाबतो आणि पुन्हा पेंगू लागतो. रोज शेकडो वेळा केलेली कृती हाताला इतकी पाठ होते, की तिच्यासाठी पुरतं जागं असण्याची गरज उरत नाही.

ही डुलकी फार तर पंधरा सेकंदांची असते. मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात जागेपणाचा अल्फा ताल विरतो आणि संथ थीटा लहरी दिसू लागतात. गंमत अशी, की झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभराचा आलेख तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून वाचला जातो आणि प्रत्येक तुकड्याला त्यातल्या बहुतांश वेळेची अवस्था लावली जाते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी त्या वाचनात ‘जागा’ याच रकान्यात जमा होते. बिछान्यातल्या झोपेसाठी हा हिशेब ठीक आहे, पण रुळांवर किंवा रस्त्यावर चार सेकंद पुष्कळ झाले. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी कार तेवढ्यात १३३ मीटर पुढे गेलेली असते.

लक्ष कसं ढळतं हे मोजण्याची निकड दुसऱ्या महायुद्धात भासली. समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडारवाले काही वेळाने पडद्यावरचे ठिपके हुकवू लागत. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा सेकंदागणिक एक घर सरके आणि क्वचित एकदम दोन घरं उडी मारे. ती उडी टिपायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं ती हुकवू लागत. इथे झोपेपेक्षा कंटाळ्याचा वाटा मोठा होता. पण कंटाळवाणं काम साचलेल्या झोपेला मोकळं रान देतं.

पुढच्या चाचण्यांनी दोन वाटा धरल्या. ‘ऑस्लर’ चाचणीत मंद उजेडाच्या खोलीत बसलेल्या माणसासमोर दर तीन सेकंदांनी दिवा लागतो आणि त्याने प्रत्येक वेळी बटणाला स्पर्श करायचा. लागोपाठ सात वेळा उत्तर आलं नाही, म्हणजे एकवीस सेकंद झाले, की तो झोपला असं धरतात. ‘पीव्हीटी’त मात्र खूण दोन ते दहा सेकंदांत केव्हाही येते आणि उत्तराला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागलं की चूक मोजली जाते. मला ही दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते. खूण केव्हा येईल याचा अंदाजच नसेल, तर हाताची सवय कामी येत नाही. व्हीसीडीची गोम नेमकी इथेच आहे.

गाडीत चालकावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची पद्धत वेगळी. पापण्या ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेल्या अवस्थेत किती वेळ गेला, हे ते मोजतात. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाच्या पेंगुळलेपणाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिथे कॅमेराच हवा असं नाही. स्टिअरिंग बराच वेळ स्थिर आणि मग अचानक झटका, यावरूनही अंदाज बांधता येतो. पण उघड्या डोळ्यांनीही डुलकी लागते आणि अशा वेळी पापण्यांचा हिशेब फसतो.

न्यूयॉर्कजवळ स्पायटन डायव्हिल इथे १ डिसेंबर २०१३ च्या सकाळी एक लोकल रुळांवरून घसरली. ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ती १३२ च्या वेगाने शिरली होती. चार जण दगावले. चालकाला घोरण्याशी निगडित झोपेचा आजार, स्लीप ॲप्निया, असल्याचं अपघातानंतर कळलं; शिवाय काही दिवसांपूर्वीच त्याची पाळी दुपारवरून पहाटेवर आली होती. गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनात जागं ठेवणारं उपकरण होतं. तो बसला होता त्या पुढच्या केबिनमध्ये ते नव्हतं.

मग ड्युटीवर येणाऱ्या माणसालाच ‘झोप येतेय का?’ असं विचारलं तर? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलं होतं. त्यांच्या पीव्हीटीतल्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या. स्वतःच्या पेंगेची त्यांनी दिलेली नोंद मात्र सुरुवातीचे काही दिवस चढली आणि मग जवळपास तिथेच थांबली.