जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलताना

संगणकावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे श्रोत्यांना थोडे नवल वाटते, आणि ते साहजिक आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडवा विरोध केला होता. बँकांत तो आणण्याविषयी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला तो १९८३ साली. आमच्या आधीच्या पिढीने ज्या यंत्राला दारात अडवले, त्याच यंत्रावर आज कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी पाहावा लागतो आणि ग्रॅच्युइटीचा दावाही त्यावरच लिहावा लागतो. तेव्हा हे यंत्र आतून कसे चालते याविषयी अनभिज्ञ राहणे आता आपल्याला परवडणारे नाही.

आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही संगणकज्ञान मिळाले ते दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी उभे राहून आणि चुका करून. त्यातलेच थोडे आज सांगावयाचे आहे.

आमच्या कार्यालयात २०११ साली घेतलेला एक स्वस्तातला संगणक आहे. पाळी सुटली की गोखिवरे, वालीव, सातिवली या बाजूचे कामगार कागद घेऊन येतात. एकेकाचा तक्ता उघडायला इतका वेळ लागे की रांगेतला शेवटचा माणूस घड्याळ पाहून निघून जाई. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, ‘फेकून द्या, नवा घ्या.’ परंतु आमची तिजोरी सभासदांच्या वर्गणीची. नवा संगणक घ्यायचा तर त्या पैशाला सभेत उत्तर द्यावे लागते. म्हणून आम्ही आधी एक प्रश्न विचारला : हे यंत्र संथ आहे ते नेमके कोणामुळे?

संगणकाची रचना कारखान्यासारखी आहे असे समजा. प्रोसेसर हा यंत्रावर उभा राहून प्रत्यक्ष काम करणारा कामगार. रॅम म्हणजे त्याच्या हाताशी असलेले टेबल, त्यावर चालू कामाचा माल मांडलेला असतो. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. आता उत्पादन घटले की मालक काय म्हणतो, हे आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत : कामगार आळशी आहे! प्रत्यक्षात पुष्कळ वेळा कामगार हात बांधून उभा असतो, कारण गोदामातून मालच आलेला नसतो. संगणकातही हाच अन्याय प्रोसेसरवर होतो.

तपासणी अवघड नाही. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम करीत त्यातील आकडे पाहत राहावे. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-तिसांवर, असे दिसले तर दोष गोदामाचा. रॅम भरलेली दिसली तर टेबल अपुरे. या दोन्ही ठिकाणी नवा प्रोसेसर बसवणे म्हणजे माल नसलेल्या खात्यात दुसरा कामगार आणून उभा करणे होय.

आमच्याकडे आधी दोष डिस्कचा निघाला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर जागा शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून माल तत्काळ हाती येतो. आम्ही एसएसडी घातली, रॅम दोन जीबीची आठ केली, आणि रांग निम्म्याहून अधिक वेगाने सरकू लागली. तरीसुद्धा इंटरनेट, तपासलेल्या कागदांच्या प्रती आणि दृश्य-बैठक एकदम चालू केली की काटा पुन्हा अडे. आता मात्र प्रोसेसरच शंभरावर होता. कामगार खरोखरच दमला होता. अशा वेळीच प्रोसेसर बदलण्याचा विचार योग्य.

आमच्या यंत्रात इंटेलचा पेंटियम जी६२० होता, म्हणजे २.६ गिगाहर्ट्झ वेगाचे दोन गाभे. त्याच मदरबोर्डवर पुढल्या पिढीचा, २०१२ सालचा आय-५ ३४७० बसू शकत होता. त्यात ३.२ गिगाहर्ट्झचे चार गाभे आहेत. हे कशावरून कळले? मदरबोर्डवर प्रोसेसरची जी बैठक असते, तिला क्रमांक असतो. इंटेलची २००९ची बैठक ११५६, २०११ची ११५५, २०१३ची ११५०. एका टोकाचा फरक असला तरी एकीचा प्रोसेसर दुसरीत बसत नाही. इतकेच नव्हे, ११५१ हा एकच क्रमांक असूनही २०१५च्या बोर्डावर २०१७च्या आठव्या पिढीचे प्रोसेसर चालत नाहीत. म्हणून क्रमांकावर विसंबू नये. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या बोर्डासाठी दिलेली प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि यादीत नाव नसेल तर पैसे खर्चू नयेत.

आम्ही लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून जुना आय-५ आणला आणि त्याच रात्री बसवला. पडदा काळाच! वाटले, दुकानदाराने फसवले. चूक आमची होती. बोर्ड २०११चा, प्रोसेसर २०१२चा. बोर्डाच्या बायॉसला, म्हणजे त्यातील मूळ आज्ञावलीला, हा नवा पाहुणा ठाऊकच नव्हता. जुना प्रोसेसर परत बसवून, आधी बायॉस अद्ययावत करून, मग नवा बसवला तेव्हा यंत्र जागे झाले. हे बायॉसचे काम यूपीएस लावूनच करावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

हातकाम करताना चार गोष्टी सांभाळाव्यात. सर्व कागदपत्रांची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी. वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. ११५५च्या बैठकीतील टोके केसासारखी नाजूक असतात, तेव्हा प्रोसेसर खाचा जुळवून अलगद ठेवावा, दाबू नये. जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावावी, आणि पंख्याचे चार पाय समोरासमोरच्या जोड्यांनी पक्के करावेत. जुना प्रोसेसर ६५ वॅटचा होता, नवा ७७ वॅटचा आहे. पॉवर सप्लाय फार हलका किंवा जुना असेल तर तोही तपासावा.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे जुने प्रोसेसर नाहीत. वेग वाढला म्हणून ती अट सुटत नाही. आम्ही लिनक्स घातले. त्याला शुल्क नाही, आणि मराठी टंकनही त्यावर नीट होते. ज्याचे काम विंडोजवाचून अडतेच, त्याने जुन्या यंत्रावर प्रोसेसरचा खर्च न करता ती रक्कम नव्या यंत्रासाठी राखावी.

हे सारे करून आमचा संगणक नवा झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाळी सुटून आलेला माणूस आता आपला तक्ता पाहूनच घरी जातो. आपल्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले असेच एखादे यंत्र कोपऱ्यात पडले असेल. ते भंगारात देण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्यापुढे बसा, आकडे पाहा, आणि कामगार दोषी की गोदाम याची चौकशी करा. चौकशीवाचून कोणालाही कामावरून काढू नये, एवढे तर चळवळीने आम्हाला शिकवलेच आहे.