देगेचे शहर, आनासागरचा काठ

महाराष्ट्रातून अजमेरला जाणाऱ्यांचा ओघ वर्षभर चालू असतो. त्यात मुस्लिम असतात, तसे हिंदूही मोठ्या संख्येने असतात. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी गाडीतून उतरायचे, दर्ग्याजवळच्या गल्लीत सामान टाकायचे, फुलांची टोपली आणि चादर घेऊन जियारत करायची, सोहन हलव्याचे डबे बांधून घ्यायचे आणि संध्याकाळी जयपूरची किंवा परतीची गाडी पकडायची. दर्ग्यापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आठशे-नऊशे वर्षांचे तळे आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

अजमेर तसे लहान शहर. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. चहूबाजूंनी अरवलीच्या डोंगररांगा, मध्ये आनासागर, एका डोंगरावर तारागड आणि त्याच्या पायथ्याशी ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांचा दर्गा. रज्जब महिन्यातल्या उर्सला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर शाबान जातो आणि रमजान येतो, तोवर ती गर्दी ओसरलेली असते. सध्या रमजान थंडी सरतानाच्या दिवसांत येतो. राजस्थानचे ऊन अजून तापलेले नसते. म्हणून शहर निवांत पाहायचे असेल, तर हा महिना चांगला.

पाण्यावर पहारा नको

आनासागर बांधला चौहान राजा अर्णोराज याने, बाराव्या शतकात. त्यालाच आनाजी म्हणत, म्हणून तळ्याचे नाव आनासागर. पृथ्वीराज चौहानाचा हा आजोबा. डोंगरांतून वाहून येणारे पाणी बांध घालून अडवले आणि कमी पावसाच्या या मुलखात एक मोठा जलाशय उभा राहिला.

पुढे जहांगीर १६१३ ते १६१६ अशी तीन वर्षे अजमेरला राहिला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो त्याला पहिल्यांदा भेटला तो इथेच, १६१६च्या जानेवारीत. जहांगीरने तळ्याकाठी दौलतबाग लावली. तिला आज सुभाष उद्यान म्हणतात. शहाजहानने १६३७ मध्ये बांधावर संगमरवरी कठडा आणि बारादरीचे मंडप उभारले. संध्याकाळच्या उन्हात हा संगमरवर आधी पिवळा, मग गुलाबी दिसतो. समोर पाणी, मागे डोंगर आणि हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी.

दर्ग्याच्या वाटेवरही महाराष्ट्राच्या ओळखीच्या खुणा भेटतात. मुख्य प्रवेशद्वाराला निजाम गेट म्हणतात. ते हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी बांधवले. त्या काळी मराठवाडा त्यांच्याच राज्यात होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अजमेर बराच काळ शिंद्यांकडे होते. १८१८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी ते इंग्रजांना देऊन टाकले.

आनासागरची एक आख्यायिका अजमेरमध्ये घरोघरी सांगितली जाते. ख्वाजासाहेब नव्याने आले, तेव्हा त्यांच्या मुरिदांना राखणदारांनी तळ्याचे पाणी घेऊ दिले नाही. ख्वाजासाहेबांनी फक्त एक वाडगाभर पाणी मागितले. वाडगा बुडवला आणि सगळे तळेच त्यात आले. काठ कोरडा पडला, माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झाली. तेव्हा ख्वाजासाहेबांना दया आली आणि त्यांनी वाडगा पुन्हा तळ्यात ओतला. ही कथा इतिहासाच्या पुराव्यावर तपासायची नसते. ती सांगणाऱ्यांना तिच्यातून काय सांगायचे आहे, ते पाहायचे. पाण्यावर कुणी एकाने पहारा बसवू नये, आणि ज्याच्या हाती पाणी आले त्यानेही ते दुसऱ्यासाठी परत सोडावे, एवढेच ती सांगते.

देग आणि जवाची लापशी

जे पाण्याचे, तेच अन्नाचे. दर्ग्यात शिरल्यावर आतल्या बुलंद दरवाजाच्या दोन बाजूंना दोन प्रचंड देगा दिसतात. मोठी अकबराने दिलेली, छोटी जहांगीरने. मोठीत एकशेवीस मण आणि छोटीत साठ मण अन्न शिजते, असे सांगतात. छोटी देग आग्र्याला घडवून आणली आणि पहिल्यांदा तिच्यात शिजलेले अन्न पाच हजार गरिबांना वाढले, अशी नोंद जहांगीरच्या आठवणींत आहे.

देगेत काय शिजते, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला ठाऊक नसते. दर्ग्यातले अन्न म्हणजे बिर्याणी असणार, असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात देगेत तांदूळ, तूप, साखर, सुकामेवा आणि केशर पडते. मांस नाही, कांदा-लसूणही नाही. कारण ही नियाज कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पंगतीच्या माणसाला हातात घेता आली पाहिजे. एरवी रात्रभर देग शिजते आणि पहाटे वाटली जाते. मोठ्या देगेच्या काठापर्यंत पोहोचायला पायऱ्या चढाव्या लागतात. देग शिजवण्याचा खर्च कुणी एक भाविक उचलतो. काही जण तिच्यात नाणी, नोटा, धान्याची मूठ टाकतात. ज्याला पूर्ण देग देणे परवडत नाही, त्याचाही वाटा त्यात पडतो.

देगेपेक्षा साधा आणि रोजचा आहे तो लंगर. जवाची मिठाची लापशी. फकीर, यात्रेकरू, आसपासचे गरीब सगळे भांडे घेऊन रांगेत उभे राहतात. चव म्हणाल तर फार काही नाही. पण ख्वाजासाहेबांना ‘गरीब नवाज’ का म्हणतात, हे केशरी भातापेक्षा ही लापशी जास्त नीट सांगते.

रमजानमध्ये दर्ग्याच्या आवारात इफ्तारची वेळ जवळ आली की अनोळखी माणसे एकमेकांशेजारी बसतात. खजूर, फळे, भजी, सरबत जे ज्याच्याकडे असेल ते पुढे सरकवले जाते. एकट्याने आलेल्या प्रवाशाला कुणी तरी दस्तरखानावर ओढून बसवतेच. रोजेदाराला इफ्तार घडवण्याचा सबाब मोठा, हे सगळ्यांनाच माहीत असते. मग शहराजवळच्या बडे पीरच्या टेकडीवरून तोफेचा आवाज येतो. मोबाइलवर वेळ दाखवणारी अॅप आली, तरी तोफेची ही रीत अजमेरने सोडलेली नाही.

मगरिबची नमाज झाली की दर्गा बाजार जागा होतो. कबाब, निहारी, बिर्याणी, खमिरी रोट्या. सोहन हलव्याच्या दुकानांत भल्या मोठ्या वड्या रचलेल्या असतात. तुपात घोटलेला, दाताला चिकटणारा, बदाम-पिस्ते टाकलेला हा हलवा थोडाच खावा. उरलेला घरी न्यावा. तो बरेच दिवस टिकतो.

अजमेरची दुसरी ओळख आहे कढी-कचोरी. डाळीचे सारण भरलेली कचोरी कुस्करायची आणि वरून गरम, झणझणीत कढी ओतायची. मिसळीवर वाढलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटते. मात्र ही सकाळची चीज. रोजा असेल तर तिचा मोह तरावीहनंतर किंवा ईदनंतरच्या फेरीसाठी राखावा. जवळच्या नसिराबाद छावणीतला ‘कचोरा’ ही तिची थोरली बहीण. तो एवढा मोठा असतो की तोडून, वजनावर विकतात.

प्रवासात रोजा सोडून तो पुढे भरून काढण्याची मुभा कुरआनने दिली आहे. सोबत वयस्कर किंवा आजारी माणसे असतील, तर ती मुभा संकोच न करता घ्यावी.

तारागड आणि पुष्करचे गुलाब

पायांना चालायची सवय असेल, त्याने तारागड चढावा. अढाई दिन का झोपडा या बाराव्या शतकाच्या अखेरीच्या मशिदीवरून पायवाट वर जाते. सावकाश चढले तर सव्वा-दीड तास लागतो. गाडीरस्ताही आहे. वर मीरां सय्यद हुसेन यांचा दर्गा, पडक्या तटबंद्या आणि खाली पसरलेले सगळे अजमेर. दर्ग्याचा पांढरा घुमट, गल्ल्यांची दाटी आणि तिच्या पलीकडे आनासागरचा चमकता तुकडा. रोजा असेल तर चढाई सहरीनंतर, फजरची नमाज आटोपून करावी. दुपारी तहान लागेल असे काही करू नये.

दुसरी फेरी पुष्करची. नाग पहाडाचा घाट ओलांडला की बारा-पंधरा किलोमीटरवर पुष्कर. तिथेही तळे आहे, त्याभोवती घाट आहेत, ब्रह्मदेवाचे मंदिर आहे. गावात मांस आणि अंडी मिळत नाहीत. मिळतात ते पाकात मुरलेले मालपुवे आणि गुलकंद. पुष्करच्या आसपास गुलाबाची शेती आहे. दर्ग्यात चढणाऱ्या गुलाबांपैकी कितीतरी याच शेतांतून पहाटे तोडून येतात. पुष्करचा शेतकरी गुलाब पिकवतो, अजमेरचा फुलवाला टोपली विणतो, आणि ती नगर किंवा मालेगावहून आलेली एखादी आजी डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहते. दोन तीर्थांमधला हा व्यवहार कुणी भाषणे देऊन सुरू केलेला नाही. तो रोज पहाटे चालतो.

तळ्याचे काय?

एवढ्या सगळ्यात आनासागरची आजची अवस्था मात्र काळजीची आहे. अजमेर आता पिण्याचे पाणी बीसलपूर धरणाकडून घेते. पिण्यासाठी तळ्याची गरज उरली नाही, तेव्हापासून शहराची नजर पाण्यापेक्षा काठावरच्या जागेकडे वळली. तळ्याच्या कडेने भराव पडले, घरे आणि हॉटेले उभी राहिली, सांडपाणी आत आले. अलीकडे तर जलपर्णीने पाण्याचा मोठा भाग हिरवा झाकून टाकला होता.

स्मार्ट सिटी योजनेत काठावर ‘सेव्हन वंडर्स’ नावाचे उद्यान झाले. त्यात ताजमहाल, आयफेल टॉवर यांच्या प्रतिकृती होत्या. पाणथळ जागेवर केलेल्या या बांधकामाविरुद्ध प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये त्या प्रतिकृती पाडण्याची वेळ आली. आधी कोट्यवधी रुपये घालून बांधायचे, मग पुन्हा पैसे घालून पाडायचे. शहाजहानच्या खऱ्या संगमरवरासमोर ताजमहालाची नक्कल उभी करण्याची गरज कुणाला वाटली असेल, असा प्रश्न पडतो.

उलट उदाहरणही याच शहरात आहे. १८९२ मध्ये दुष्काळी कामे काढून फॉय नावाच्या इंजिनिअरने शहराबाहेर एक तलाव बांधला. तो फॉय सागर. आता त्याला वरुण सागर नाव दिले आहे. चांगला पाऊस झाला की त्याचे जादा पाणी पुढे आनासागरला मिळते. उपाशी हातांना काम मिळाले आणि शहराला पाणी. नाव बदलले, तरी त्या जोडणीचा उपयोग बदललेला नाही.

रमजान हा तहान ओळखण्याचा महिना. दिवसभर घोटभर पाणी न घेतलेल्या माणसाला इफ्तारच्या पहिल्या घोटाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण आहे. पाण्यात सगळ्यांचा वाटा आहे, असेही सांगितले आहे. मग तळ्याकाठी इफ्तार करून प्लॅस्टिकचे ग्लास, खजुराची खोकी आणि पाण्याच्या बाटल्या तिथेच टाकून उठणे हे रोज्यात कसे बसते? काठावरचा कचरा सगळाच यात्रेकरूंचा नसतो, पण त्यांचा वाटा त्यात आहे. देगेत मूठभर तांदूळ टाकताना जो भाव असतो, तोच तळ्याच्या काठावर असायला हवा. देग रिकामी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. तळे एकदा बुजले की ते भरून द्यायला कुणी वाडगा घेऊन येणार नाही.

अजमेरला जाणे अवघड नाही. मुंबईहून थेट गाड्या आहेत. जयपूरहून रस्त्याने अडीच-तीन तास लागतात. किशनगडचा विमानतळ जवळ आहे. फक्त परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नये. किमान दोन रात्री ठेवाव्यात. एक संध्याकाळ दर्ग्याच्या आवारात, अनोळखी माणसांच्या दस्तरखानावर. दुसरी आनासागरच्या काठावर, घरच्यांबरोबर, आपापली भांडी आणि स्टीलचे पेले घेऊन. निघताना एक रिकामी पिशवी बरोबर असावी. जाताना आपला कचरा तिच्यात भरून न्यावा, आणि जमले तर शेजारच्याने टाकलेलाही.